मी काळा म्हणालो तो रुपया

दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या चालीवरून मला कळतं, त्याच्याकडे काय आहे. खिशावर हात दाबून आला तर चांदी. ऐटीत आला, मोबाइल आधीच उघडून हातात धरलेला असला, तर यूट्यूबवर बघितलेलं पाच रुपयांचं नाणं, ज्याचे म्हणे लाखो येतात. येत नाहीत. "येत नाहीत हो" हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा बोलतो की बायको म्हणते, झोपेतसुद्धा बडबडता.

केबिन रोडवर गाळा आहे माझा. एका बाजूला मोबाइलवाला, दुसऱ्या बाजूला साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या बाई, मधे मी आणि जुनी नाणी. बत्तीस वर्षं झाली. गिरगावातून भाईंदरला राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, इथे कोण येणार नाणी विकत घ्यायला? पण येतात. मारवाडी, गुजराती, आपली माणसं, सगळे येतात. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "पाटकर, गमतीदार अनुभव लिहा." गमती सांगतो. पण आता मी दमलोय, हे आधीच सांगून ठेवतो, आणि जी गोष्ट सांगायला बसलोय ती काही फारशी गमतीची नाही.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. चांदी नुसती पडून राहिली तरी हवेशी, कागदाशी, लाकडाशी तिचं काहीतरी चालू असतं. गंधकाचा अंश लागतो आणि वर अगदी पातळ थर चढतो. पहिल्यांदा सोनेरी दिसतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. बहुतेक नाण्यांवर तो नुसताच काळपट होतो आणि लोक त्याला मळ म्हणतात. पण लाखात एखाद्या नाण्यावर, नाणं मुळात कोरं, न वापरलेलं असेल आणि नशीब चांगलं असेल तर, हा रंग असा बसतो की बघत राहावं. आम्ही त्याला टोनिंग म्हणतो. अशा नाण्याला शौकीन माणूस साध्या नाण्याच्या कितीतरी पट मोजतो.

पण मोजायच्या आधी त्याला खात्री हवी असते. म्हणून नाणं ग्रेडिंगला पाठवायचं. परदेशात कंपन्या आहेत, त्या तपासतात, सत्तरपैकी नंबर देतात आणि नाणं प्लास्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. फी, विमा, कुरियर, कस्टमचा ताप, शिवाय चार-सहा महिन्यांची वाट. आणि एवढं करून नाण्यावर "रंग शंकास्पद" किंवा "घासलेलं" असा शिक्का बसला की मेलं ते. शिक्का नसताना निदान शंकेचा फायदा तरी मिळत होता, तोही गेला.

म्हणजे पाठवायचं की नाही, हाच सगळा प्रश्न. गिऱ्हाईक तो प्रश्न माझ्यासमोर ठेवतं आणि मी भिंग डोळ्याला लावतो. बत्तीस वर्षांत मी "पाठवा" फार कमी वेळा म्हटलंय. "नका पाठवू" म्हणून मी लोकांचे पैसे वाचवले, असं मी अभिमानाने सांगत आलोय.

एक जयंतीभाई होते, मीरा रोडचे. सज्जन माणूस, निवृत्त, वेळ जात नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं की उकडलेलं अंडं आणि नाणं एका डब्यात बंद करून ठेवलं की चार दिवसांत इंद्रधनुष्य उमटतं. उमटतं, खोटं नाही. अंड्यात गंधक असतं. पण जयंतीभाई पक्के जैन. एका संध्याकाळी दुकानात आले, बाहेर कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "पाटकरभाई, एक काम था. घर में अंडा तो आ नहीं सकता, आपको मालूम है. आपके किचन में एक डिब्बा रख दूँ? चार दिन बस." मी हसून हसून बेजार. आमच्या सुनंदाने, म्हणजे बायकोने, सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात असली थेरं चालणार नाहीत. मग त्यांनी कुठून कोण जाणे, जमवलं. नाणं मोरपिशी करून आणलं. मी म्हटलं, "जयंतीभाई, रंग उलटा चढलाय. आधी निळा, मग पिवळा. आणि झिजलेल्या नाकावर सगळ्यात जास्त. अपने आप चढलेला रंग असा नसतो. मत भेजो." त्यांनी पाठवलंच. सहा महिन्यांनी शिक्का मारून परत आलं. त्यानंतर ते दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचे. मी काय अंडं उकडलं होतं? पण असं असतं. खरं सांगणाऱ्याचंच तोंड लोकांना नकोसं होतं.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ज्यांच्याकडे मी धंदा शिकलो त्या फोर्टातल्या शेठजींकडे एक बाटली असायची. काळं नाणं त्यात बुडवायचं, दोन सेकंदांत पांढरं शुभ्र. गिऱ्हाईक खूश, आपण खूश. तेव्हा रंगाला किंमत असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. किती नाणी मी त्या बाटलीत बुडवली असतील त्याचा हिशेब नाही. आज त्यातलं एखादं आठवतं आणि जीव हळहळतो. पण ते अज्ञान होतं. त्याची मी स्वतःला माफी दिली आहे.

पुढच्या गोष्टीची माफी मात्र अजून दिलेली नाही.

भाईंदरच्या मासळी बाजारात हिराबाई बसायच्या. खाडीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, कोळीण. बाजारात मी वीस वर्षं त्यांच्याकडूनच मासे घेतले. माझी नजर चुकवून कधी पिशवीत ताजं नसलेलं टाकलं नाही. मीच एखादी बोंबलाची जुडी उचलली तर म्हणायच्या, "भाऊ, ती ठेवा, ती तुमच्यासाठी न्हाय." त्यांचा मुलगा किसन एका खाजगी कंपनीत कामाला. त्याने पूनम सागरला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. तरी हिराबाई पहाटे रिक्षा करून बाजारात यायच्याच.

होळी झाल्यावर एका दुपारी मायलेक दोघं माझ्या दुकानात आले. हिराबाईंना बाजाराबाहेर मी पहिल्यांदाच बघत होतो. कनवटीची पुरचुंडी त्यांनी काउंटरवर सोडली. पिवळट पडलेल्या जाड कागदात गुंडाळलेला एक राणीछाप रुपया.

किसनने विषय काढला. "काका, घरात देव बसवायचेत. जुने टाक मोठ्या काकांकडेच राहणार. आमच्यासाठी एकवीरेचा नवीन टाक करायला सोनाराकडे चांदी द्यायची आहे. रीत आहे ना आमच्यात, घरातलीच चांदी लागते. आईकडे हा रुपया आहे. ती म्हणते आटवायचा नाही, आधी ग्रेडिंगला पाठव. माझ्याच मोबाइलवर बघितलंय तिने. म्हणते, याला रंग आहे. मला तर काळाच दिसतोय."

देवाचे टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची मूर्ती, देव्हाऱ्यात असते ती. घर वेगळं झालं की नवे टाक करतात, आणि त्यासाठी घरातले जुने चांदीचे रुपये आटवतात. आपल्याकडचे कितीतरी सुंदर रुपये असे देव झाले आहेत. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. देवापुढे आम्ही कोण?

हिराबाई म्हणाल्या, "भाऊ, रुपया निला हाय. मालक जिता व्हता तवा बोलायचा, मोराच्या गल्यासारा हाय म्हनून. लग्नात माज्या वटीत पडला तवापासना ह्याच कागदात हाय. हा बोलतो, आई तुला दिसत न्हाय. रोज बोलतो. बाजार सोड बोलतो."

"मग? गेल्या महिन्यात कोयत्याने अंगठा कापून घेतलास की नाही?" किसन म्हणाला. "काका, टाके पडले. मी ऑफिसात असतो, माझा जीव टांगणीला. शिवाय सोसायटीत लिफ्टमध्ये माशांची पाटी नेली की वास येतो म्हणून वॉचमन रोज ऐकवतो."

"चालीस वर्सांत कितींदा कापलाय. तवा न्हाय कोन बोलला," हिराबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "आता तुमीच बगा. तुमी बोललाव निला हाय, तं रुपया पाठवा तिकडं, आन किसन गप बसंल. तुमी बोललाव काला, तं मी घरी बसते."

असं सगळं माझ्या काउंटरवर मांडलं गेलं. एक रुपया नुसता आटवायचा की पाठवायचा, एवढंच ते राहिलं नव्हतं. मला ते तेव्हाच नीट कळलं होतं, हे इथे कबूल करतो. नाही कळलं असं म्हणायची सोय नाही.

दुपारची वेळ होती, मला जेवायचं होतं, सकाळपासून चार यूट्यूबवाले येऊन गेले होते. मी माझा टेबललॅम्प लावला. पिवळा बल्ब आहे, जुन्या पद्धतीचा. पांढऱ्या ट्यूबखाली रंग कळत नाही असं आमच्या धंद्यात मानतात. भिंग उजव्या डोळ्याला लावलं. रुपया दोन बोटांत कडेला धरून तिरका केला, फिरवला. राणीचा चेहरा स्वच्छ होता, झीज जवळजवळ नव्हती, ते मला लगेच दिसलं. रंग मात्र काळसर तपकिरी. मी पुन्हा तिरका केला. तपकिरीच. किसनला म्हटलं, "तूही बघ." त्याने ट्यूबखाली सरळ धरून एक नजर टाकली आणि म्हणाला, "काळाच आहे."

माझ्या सवयीप्रमाणे मी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले. बघितलेल्या प्रत्येक नाण्याचा काढतो, पुढे वाद नकोत म्हणून. मग मी म्हणालो, "हिराबाई, नाणं चांगलं आहे, पण रंग काही नाही. काळं पडलंय झालं. पाठवून फीसुद्धा निघायची नाही. टाक करा, बिनधास्त करा."

त्या म्हणाल्या, "नीट बगा ना भाऊ. हितं, राणीच्या केसाच्या मागं."

तेव्हा मी जे बोललो ते शब्द मला तोंडपाठ आहेत. म्हणालो, "आजी, मी तीस वर्षं हेच करतोय. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. चष्मा लागला असेल."

वीस वर्षं मी त्यांना हिराबाई म्हणत होतो. त्या दिवशी आजी म्हणालो.

किसनच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. हिराबाईंनी रुपया परत कागदात गुंडाळला. त्या कागदाच्या घड्या इतक्या जुन्या होत्या की आपोआप मिटत होत्या. "मंग आटवा," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. जेवायला बसलो.

नंतरच्या रविवारी बाजारात गेलो तर त्यांच्या जागेवर दुसरीच बाई. मी पापलेट घेतलं आणि आलो. पुढच्या रविवारीही तसंच. विचारायला काय झालं होतं? पण नाही विचारलं. आजारी असतील, गावाला गेल्या असतील, असं मनाशी म्हणत राहिलो. माणसाला नको असलेलं उत्तर माहीत असलं की तो प्रश्नच विचारत नाही.

आता माझ्या डोळ्यांकडे येतो. सुनंदा दोन-तीन वर्षं मागे लागली होती, मोतीबिंदू दाखवून घ्या. मी म्हणायचो, पिकू दे, पिकल्याशिवाय काढत नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी तसंच होतं. पेपर वाचता येत होता, भिंगातून तारीख वाचता येत होती, मग घाई कसली? थोडा अंधार वाटायचा, तर बल्ब मोठा लावला. गेल्या काही वर्षांत दुकानात चांगली रंगीत नाणी येणं जवळजवळ बंदच झालं होतं. त्यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला व्याख्यान द्यायचो: लोकांनी सगळं घासून टाकलं, पूर्वीची हवा राहिली नाही, आता टोनिंग कुठलं. लोक माना डोलवायचे. आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

शेवटी रस्ता ओलांडताना रिक्षाने उडवायचं बाकी राहिलं, तेव्हा गेलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी आलो, तर सुनंदा जांभळ्या साडीत उभी. म्हटलं, "ही नवीन कधी घेतलीस?" ती म्हणाली, "अहो, तीन वर्षं नेसतेय." मी तिला चॉकलेटी समजत होतो. एकदा तर म्हटलंही होतं, सारखं ते चॉकलेटी काय नेसतेस. तेव्हा ती काही बोलली नव्हती. तिला वाटलं, यांचा स्वभावच तसा.

आम्ही खूप हसलो. आकाश निळं, ताटातलं मीठ पांढरं, सगळं धुऊन काढल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं, निळा-जांभळा सगळ्यात आधी जातो, आणि इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. दुसरा डोळा महिनाभराने करायचा होता.

आठवड्याने दुकान उघडलं. माझ्या स्वतःच्या संग्रहातला एक रुपया आहे, शेठजींनी जाताना दिलेला, त्याच्या कडेला निळी कोर आहे. सहज काढून बघितला. उजव्या डोळ्याने बघितलं, कोर निळी. उजवा मिटून डाव्याने बघितलं, कोर तपकिरी. परत उजवा. परत डावा. एकाच हातात दोन नाणी असल्यासारखं. मी स्टुलावर बसलो. तोपर्यंत मी साडीवर हसत होतो. नाण्यांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

मग मोबाइल काढला. होळीनंतरचे फोटो शोधले. हिराबाईंचा रुपया समोर आला.

निळा. राणीच्या केसांमागे गर्द निळा, पुढे जांभळा, कडेकडेला सोनेरी होत गेलेला. रंगांचा क्रम बरोबर, जसा अपने आप चढतो तसाच, खालची चमक शाबूत. बत्तीस वर्षांत असे रुपये मी बोटांवर मोजण्याइतके बघितलेत. नंबर किती आला असता हे फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, नाणं हातात असल्याशिवाय ते कोणी सांगू नये. पण पाठवायला हवं होतं. यात शंका नव्हती. आणि त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं, हितं बगा म्हणून.

किसनला फोन लावला. उगाच खाकरून विचारलं, "काय रे, तो टाक झाला का?" तो म्हणाला, "हो काका, अक्षय्य तृतीयेलाच बसवला. मस्त झालाय. या ना दर्शनाला." "आणि आई?" "आई घरीच असते आता. चष्मा करून दिला. तुम्ही बोललात ते बरं झालं, माझं ऐकत नव्हती."

फोन ठेवला, आणि खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. रुपया आटला. आता जगात पुरावा म्हणजे माझ्या मोबाइलमधले दोन फोटो. ते गेले की काही झालंच नाही. मी फोटो निवडला, कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर अंगठा नेला. किती वेळ नेऊन ठेवला होता कोण जाणे. शेजारच्या बाईंनी चहा पाठवला, तो समोर गार झाला.

त्यातच दुसरी एक गोष्ट डोक्यात आली. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या माणसांना मी किती वेळा "काळा आहे, नका पाठवू" म्हटलं असेल? फोटो मागे मागे सरकवत गेलो. सगळेच काही रंगीत नव्हते, बहुतेक खरोखरच काळे होते. पण चार-पाच ठिकाणी अंगठा थांबला. त्यातल्या दोघांचे नंबर माझ्याकडे होते, फोन केले. एकाने नाणं विकलं होतं. दुसऱ्याने घासून चकचकीत करून मुलीच्या लग्नात दिलं होतं, आणि उलट मला विचारलं, "का काका, काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं, नाही, सहज. त्यांना मी काही सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

पण हिराबाईंकडे जायलाच हवं होतं. त्यांचं रुपयावाचून अडलं नव्हतं. माझ्या शब्दावर त्या घरी बसल्या होत्या.

रविवारी सकाळी गेलो, किसन घरी असणार म्हणून. पूनम सागरला, चौथ्या मजल्यावर. दार किसननेच उघडलं. हिराबाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, जाड चष्मा लावून, हात मांडीवर. मी त्यांना कधी हात रिकामे ठेवून बसलेलं बघितलं नव्हतं. मला बघून उठल्या, "या भाऊ, बसा. पानी देते." आवाज बारीक झाला होता.

देव्हाऱ्यात टाक होता. छान उठवला होता सोनाराने, पांढरा शुभ्र. मी हात जोडले. जोडताना मनात काय आलं ते लिहीत नाही.

मग बसलो आणि सगळं सांगितलं. ऑपरेशन, साडी, दोन डोळ्यांत दोन नाणी. बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की मी गोष्ट रंगवतोय, हसवायचा प्रयत्न करतोय. थांबलो. मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "हिराबाई, मी चुकलो. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता."

किसन पुढे झाला. "काका, जाऊ द्या ना आता. टाक बसला. विषय संपला. मुद्दाम कशाला..."

हिराबाईंनी हाताने त्याला थांबवलं. चष्मा काढला, पदराने पुसला नाही, नुसता बाजूला ठेवला. मोबाइल हातात घेऊन जरा लांब धरून बघितला. बराच वेळ. किंमत किती आली असती हे सांगायची मी तयारी करून गेलो होतो, काय द्यायचं तेही ठरवून गेलो होतो. त्यांनी विचारलंच नाही.

"म्हंजे निला व्हता," त्या म्हणाल्या.

"निळा होता."

"मना दिसत व्हता."

"हो. तुम्हाला दिसत होता. मलाच दिसत नव्हता."

"ह्याच्याकडं बगून बोला."

मी किसनकडे वळलो. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे. खाली फरशीकडे बघत होता. वाईट मुलगा नाही तो, आईला उन्हातान्हातून घरात आणून बसवलं होतं, त्याच्या मते सुखात ठेवलं होतं. मी म्हणालो, "किसन, त्या दिवशी तुझ्या आईचे डोळे ठीक होते. रुपया निळा होता. मी काळा म्हणालो, ते चूक होतं. माझ्या बोलण्यावरून तू तिला घरी बसवलं असशील, तर तेही चूक झालं."

हिराबाईंनी मोबाइल मला परत दिला, फोटो मागितला नाही. टाकाकडे एकदा बघितलं, रागाने नाही, दुःखानेही नाही, घरातल्या माणसाकडे बघतात तसं. मग मुलाला म्हणाल्या,

"किसन, माल्यावरनं माजी पाटी काढ."

"आई, अगं..."

"काढ. उद्या सोमवार हाय, धुवून ठेवाया पायजे."

किसनने आत जाऊन स्टूल आणलं.